माझं दीड तासाचं सुतक

वयाच्या बाविसाव्या वर्षी मी साधारण दीड तास मेलेलो होतो. मला ते आठ दिवसांनी कळलं, तेही पत्रानं.

त्याचं असं झालं. सहावीतून शाळेनं मला सोडलं (घरचे म्हणतात मी शाळा सोडली; हायसं मात्र दोन्ही बाजूंना सारखंच वाटलं होतं). मग काही वर्षं गावी, वरवट बकालात, बाबांच्या कांद्या-मिरचीच्या वाफ्यांना पाणी दिलं आणि एक दिवस पार सातारा जिल्ह्यात, एका धरणाच्या कामावर येऊन पडलो. नोकरी गोदामात. सकाळी मजुरांना फावडी-घमेली द्यायची, संध्याकाळी परत घ्यायची. तोंडातून "मले" निघालं की सगळं गोदाम हसायचं, म्हणून पहिले दोन महिने मी खुणांनीच बोललो. खानावळीच्या काकूंना वाटलं पोरगा मुका आहे. त्या दयेपोटी एक भाकरी जास्त वाढायच्या. पुढं मी बोलायला लागलो, तरी त्यांनी ती भाकरी बंद केली नाही. हे उपकार मी विसरणार नाही.

डिसेंबर संपत आला. आमचे गोदामाचे कारकून भाऊसाहेब इंग्रजी कॅलेंडर देवासारखं मानायचे. ते म्हणाले, "वर्ष संपतंय. सरत्या वर्षात काय केलं, येत्या वर्षात काय करणार, हे माणसानं लिहून काढावं. मन हलकं होतं."

माझं मन तेव्हा फारच जड होतं. घरच्यांनी माझं लग्न जमवत आणलं होतं, आणि जमवताना मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं की पोरगा सातवी पास आहे आणि धरणावर साहेब आहे. माझ्या स्वप्नात रोज सासरा यायचा आणि सतराचा पाढा विचारायचा.

म्हणून मी एक पोस्टकार्ड घेतलं आणि सालभराचं सगळं खरं खरं घरी लिहून टाकलं. शेवटून दुसरी ओळ होती, 'तरी लग्नाचं यंदा नको.' आणि अगदी खाली, कोपऱ्यात, 'मला मुकादम करणार आहेत.' हे मला गोदामाच्या राखणदारानं सांगितलं होतं, आणि त्याला कोणी सांगितलं हे त्याला आठवत नव्हतं. लिहिलं आणि लगेच वाटलं, लिहिल्यामुळंच फिसकटलं तर? थुंकी लावून पुसायला गेलो, तर शाई पसरून म्हैस बसल्यासारखा डाग पडला. दुसरं कार्ड जवळ नव्हतं. मग मी तो कोपरा नीट, तिरका फाडला आणि कार्ड पेटीत टाकलं.

आता, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कोणीतरी गेल्याची बातमी. ते घरात घेत नाहीत, बाहेरच वाचतात, आणि वाचून झालं की डोक्यावरून आंघोळ करतात. आमच्याकडे हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. फक्त ते मला तिसऱ्या दिवशी आठवलं! तार करून 'मी जिवंत आहे' असं कळवावं म्हटलं, पण आमच्या गावात तार आली म्हणजे मरणाची खात्रीच. मी गप्प बसलो आणि घमेली मोजत राहिलो.

कार्ड पोचलं ते नेमकं सुपारी फोडायच्या दिवशी. मुलीचे वडील दगडूभाऊ जानेफळहून दोन मोटारी बदलून आले होते. पुढ्यात पुरणाची पोळी, तिच्यावर तुपाची धार. मुलगी, कुसुम, आमच्या शेजारीच मावशीकडे राहून शिकलेली. खरीखुरी सातवी पास.

पोस्टमननं हाक न मारता कार्ड अंगणातल्या निंबाखाली ठेवलं, वर दगड ठेवला आणि टोपी काढून उभा राहिला.

"कोन गेलं वो?" मायनं विचारलं.

"फाटकं कार्ड मी वाचत नसतो, काकू. मागच्या खेपेले वाचलं, त लोक माह्याच गळ्यात पडून रडले. साताऱ्याकडचं हाये, एवढं सांगतो." आणि तो सायकलवर बसून गेलाही.

साताऱ्याकडं आमचं एकच माणूस होतं. माय जागीच खाली बसली.

माझा थोरला भाऊ नामदेव कार्डाभोवती एक फेरी मारून आला. त्याला वाचता येत नाही, पण विचार करता येतो. "हे अक्षर त आपल्या सुखदेवचंच हाये. इतकं वाकडं दुसरं कोनी लिहीत नाई. मंग मेलेल्यानं लिहिलं कसं?"

"मराच्या आंधीच लिहून ठेवलं असंन," वहिनी म्हणाली. "भाऊजी पयल्यापासूनच घाबरट."

हे सगळ्यांना पटलं. बाबा तर तडक विहिरीवर गेले आणि गार पाण्यानं आंघोळ करून, कुडकुडत, ओल्या धोतरानं ओसरीवर येऊन बसले.

उरले दगडूभाऊ. सुतकाच्या घरी पाहुणा जेवत नाही. हातातला घास तसाच. त्यांनी घासाकडं पाहिलं, निंबाकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कार्ड वाचलं का कोनी?"

"नाई."

"मंग सुतक कायचं? वाचल्यावर लागते ते."

आणि घास तोंडात. बाबांनाही हे शास्त्र ताबडतोब मान्य झालं. "वाढा वो पाव्हन्याले." दगडूभाऊंनी सावकाश चार पोळ्या खाल्ल्या. माझ्या दीड तासाच्या मरणातला तासभर त्या पोळ्यांत गेला.

मग वाचायचं कोणी? गुरुजी संग्रामपूरला गेलेले. नामदेव हळूच म्हणाला, "कुसुमले बलावा."

"तिनं काऊन वाचावं?" हात धुता धुता दगडूभाऊ म्हणाले. पण कुसुम कुंपणापलीकडून सगळं ऐकतच उभी होती.

"आना इकडे. मेलं असंन, त मलेच आंधी कळू द्या."

तिनं दगड बाजूला केला आणि वाचायला लागली. "'सरत्या सालात मी धरणाच्या भिंतीवरून खाली पडलो...'"

मायनं हंबरडा फोडला. बाबा रडले, नामदेव रडला, दगडूभाऊ पोळ्यांच्या उपकाराखातर रडले. कुसुमनं सगळ्यांचं होऊ दिलं. मग पुढची ओळ वाचली. "'...असतो, पण वाळूच्या ढिगात पाय रुतला, म्हणून वाचलो.'"

"जित्ता हाये?"

"हाये. पुढे अजून लय लिहिलं हाये."

"आन् मी थंड्या पान्यानं आंघोळ केली," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंदापेक्षा तक्रार जास्त होती असं भाऊ सांगतो.

कुसुम वाचत गेली. काकूंची भाकरी झाली, तापात त्यांनी दिलेली पेज झाली. मग आलं, "'मी साहेब नाही. मी फावडी-घमेली देतो. सातवी नाही, सहावीच आहे. मुलीच्या वडिलांना हे सांगून टाका. मला झोप लागत नाही.'"

दगडूभाऊ बाबांकडं वळले.

"सातवीत बसला होता तो," बाबा म्हणाले. "दोन रोज."

"आन् साहेब?"

"साहेबाच्या जवळच राह्यते."

दगडूभाऊंनी वहाणा पायात घातल्या. "चाल, कुसुम."

"थांबा, आबा. शेवटची ओळ राह्यली."

ती ओळ होती, 'तरी लग्नाचं यंदा'. तिथंच कार्ड संपत होतं. मुकादमकीच्या नादात तिरका फाडलेल्या कोपऱ्यात माझा 'नको'सुद्धा गेला होता! कुसुमनं कार्ड जरा डोळ्यांजवळ धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "'तरी लग्नाचं यंदाच उरकून टाका. खोटं सांगून मुलगी आणायची नव्हती, म्हणून आधी खरं लिहिलं. आता त्यांची मर्जी.'"

एवढं सगळं एका फाटक्या कोपऱ्यात मावलं कसं, हे कोणी विचारलं नाही. त्या अंगणात वाचता येणारी ती एकटीच होती.

दगडूभाऊंनी एकदा कार्डाकडं पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "पोरगा त सरळ दिसते. वाकडे तुमीच." आणि वहाणा काढल्या. "फोडा सुपारी."

आठ दिवसांनी मला पत्र आलं. मजकूर नामदेवचा, अक्षर मोत्यासारखं. 'तुझ्या म्हणण्याप्रमाणे लग्न यंदाच ठरवलं आहे.' मी तसाच भाऊसाहेबांकडं पळालो. "माणसानं 'नको' लिहिलं, तर ते 'उरकून टाका' असं वाचलं जाईल का?"

"सहावीतल्या माणसाचं काहीही वाचलं जाईल," भाऊसाहेब म्हणाले.

लग्न झालं. कुसुम माझ्यासोबत इकडं आली, काकूंच्या खानावळीशेजारीच आम्ही खोली घेतली. खूप दिवसांनी धीर करून मी विचारलं, "काऊन केलं असं?"

"तुमच्या आंधी चार स्थळं आली. सगळे साहेब होते," ती तांदूळ निवडत म्हणाली. "खरं बोलनारा एकच निघाला, तो बी भेवानं."

"पन मी 'नको' लिहिलं होतं."

"मले नाई दिसलं."

अजूनही डिसेंबर संपताना मी कागद घेऊन बसतो. सरत्या सालाचं लिहायचं काम माझ्याकडं आहे, कारण ते होऊन गेलेलं असतं आणि त्यात माझ्याकडून बिघडण्यासारखं फार उरत नाही. येत्या सालाचं कुसुम लिहिते. त्या सालात मी काय काय ठरवलं आहे, ते ती मला जानेवारीत वाचून दाखवते.