चिकटवलेला कोपरा

माझा स्वभाव मुळात संशयी. गवळ्याच्या दुधावर, सोनाराच्या काट्यावर, सासूबाईंच्या कंबरदुखीवर, कशावरच माझा चटकन विश्वास बसत नसे. राहात्याजवळच्या आमच्या गावात मिशनच्या दवाखान्यात स्कॉटलंडहून एक नर्स आली, तेव्हा मी शाळेत बोलूनही दाखवलं की एवढा समुद्र ओलांडून ही बया आमची गळवं धुवायला कशाला येईल, यात कुठंतरी पाणी मुरतंय. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते.

गाव तिला सिस्टर म्हणे, मीही तेच म्हणायचे. ती मला बाई म्हणायची. ती माझ्याकडे मराठी शिकायला येऊ लागली आणि बदल्यात मला इंग्रजी शिकवू लागली. सासूबाई तिला ओट्याच्या आत येऊ देत नसत. तिचा चहाचा कपही वेगळा, कोनाड्यात उलटा घातलेला. सिस्टर ओट्याच्या कडेला मांडी घालून बसायची आणि पाय बधिर झाले तरी हलायची नाही. दोन वर्षांत अशी गत झाली की शनिवारी ती आली नाही तर मला जेवण गोड लागेना. तरी तिच्यावर नजर ठेवणं मी सोडलं नव्हतं.

त्याला कारण होतं. बेचाळीसपासून माझा धाकटा भाऊ भूमिगत होता. पोलीस दोनदा येऊन घर उचकटून गेले होते. भावाची खुशाली मामांच्या कार्डातून आडवळणानं कळायची. पोस्टमन आमच्यापर्यंत यायचा कंटाळा करी, टपाल दवाखान्यात टाकून जाई आणि सिस्टर ते येताना घेऊन येई. राज्य गोऱ्यांचं आणि माझं टपाल गोऱ्या बाईच्या हातून! कार्ड मिळालं की मी आधी ते उजेडात धरून बघायचे, मग वाचायचे.

एका शनिवारी तिनं मामांच्या गावचं कार्ड दिलं. मी घाईत होते. ते देवांच्या फळीवर ठेवलं, स्वयंपाक केला, सगळ्यांची जेवणं उरकली आणि मग वाचायला घेतलं. मामा गेले होते.

आमच्याकडे मरणाचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. फाटका कोपरा दिसला की कार्ड घरात न्यायचं नाही, दारातच वाचायचं, वाचून फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. या कार्डाचाही कोपरा फाडलेला होता, पण तिथं दुसऱ्या कागदाचा तुकडा खळीनं नीट चिकटवलेला होता. मरणाचं कार्ड देवांजवळ ठेवलं म्हणून सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. माझं डोकं मात्र भलतीकडंच गेलं. ही बाई माझ्या टपालाशी खेळते, म्हणजे वाचून कुणाला तरी कळवतही असणार.

तशीच दवाखान्यात गेले आणि कार्ड तिच्यापुढं टाकून विचारलं, हे कुणी चिकटवलं?

"मी," ती खुशीत म्हणाली. "वाटेत फाटलं होतं. अक्षर मला लागत नाही, पण मैत्रिणीला फाटकं कार्ड कसं द्यायचं?"

मी सगळं सांगितलं तशी ती स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मग माझ्याबरोबर घरी आली, ओट्याखाली उभी राहून मोडक्या मराठीत सासूबाईंची माफी मागितली. मला म्हणाली, तिच्या देशात अशा पत्राला काळी किनार असते. मी म्हटलं, किनार कुणीही ओढेल, शाई काय कमी आहे? कोपरा फाडायला मात्र खोटं बोलणाऱ्याचा हात धजत नाही. डोळे पुसता पुसता ती हसली. "म्हणजे तुम्ही एकाच गोष्टीवर विश्वास ठेवता बाई, आणि तीसुद्धा फाटकी."

भाऊ पुढं सुखरूप परतला. त्याच्याबद्दल कुणी काही कळवलं नव्हतं. मी तिची माफी मागायला हवी होती, ती मागितली नाही.

लढाई संपल्यावर ती रजेवर मायदेशी गेली. वर्षानं येते म्हणाली. मी तेव्हाच मनात म्हटलं, ही कसली येते! दोन पत्रं आली, मग आठ महिने काहीच नाही. मला राग आला आणि रागाच्या भरात मोडक्या इंग्रजीत लिहिलं की तुम्ही खोटं बोललात, यायचं नव्हतं तर तोंडावर सांगायचं.

काही महिन्यांनी तोच आळशी पोस्टमन घरापर्यंत चालत आला आणि ओट्याखाली थांबला.

"बाई, भाईर या. ह्ये आत नेऊ नका."

विलायतेचं पाकीट, अक्षर अनोळखी, कोपरा फाटलेला. मला वाटलं, उंदरानं कुरतडलं असेल. तिकिटासाठी कुणी फाडलं म्हणावं, तर तिकीट जागेवर होतं. मी पोस्टमनलाच दरडावून विचारलं.

"आईची आन, म्या न्हाई फाडला. असंच आलंय."

पाकीट उघडलं. आतल्या कागदाचाही कोपरा फाडलेला होता, हातानं, वेडावाकडा. उंदराचं हे काम नव्हतं.

पत्र तिच्या बहिणीचं होतं. सिस्टरला छातीचं दुखणं झालं होतं. शेवटी शेवटी तिला हातात लेखणी धरवत नव्हती. बहिणीनं लिहिलं होतं: "तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. ती हसली. म्हणाली, मी गेल्यावर बाईंना कळव, पण कोपरा फाडून पाठव, नाहीतर त्यांचा विश्वास बसणार नाही. कोणता कोपरा ते विचारायचं राहून गेलं. चुकला असेल तर कळवा."

ती बसायची त्याच जागी मी बसले आणि रडले. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी कागदाचा कोपरा पाहिला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं न्हाणीतून त्यांचा आवाज आला.

"पानी काढलंय. न्हाऊन घे. आपलंच मानूस हुतं."

अंघोळ केली. पत्र फाडायचं असतं, ते फाडलं नाही. घरात न्यायचं नसतं म्हणून गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवलं. मग ओल्या केसांनीच ओट्यावर बसून सिस्टरनं शिकवलेल्या इंग्रजीत तिच्या बहिणीला उत्तर लिहिलं. इतके महिने मी तिला खोटारडी म्हणत होते, हे लिहायला लाज वाटली, पण लिहिलं. शेवटी एवढंच लिहिलं की कोपरा बरोबर आहे, माझा विश्वास बसला.