मधल्या खुर्चीवरचे आजोबा

आमच्या घरी देवांपेक्षा वरच्या खिळ्यावर एक फोटो टांगलेला असतो. चोवीस फौजी, तीन रांगा. मधल्या खुर्चीवर भरघोस मिशांचा, छातीवर बिल्ले लावलेला, गुडघ्यांमध्ये रायफल उभी धरलेला एक रुबाबदार माणूस बसला आहे. हे माझे आजोबा, असं आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं गेलं. दर दसऱ्याला बाबा स्टुलावर चढत आणि काचेवर नेमकं त्यांच्या कपाळावर कुंकू लावत. काच पुसताना तेवढी जागा सोडून पुसायची असा नियम होता, त्यामुळे वर्षानुवर्षांचं कुंकू साचून आजोबांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ते वाढत वाढत डाव्या भुवईपर्यंत उतरलं, तरी कोणाची खरवडायची हिंमत नव्हती.

त्याच दिवशी फोटोखाली पाटावर बंदूक ठेवायची. एकनळी, बारा बोरची. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. ही आजोबांनी लढाईवरून आणली, अशी ख्याती. आजोबा फौजेतून घरी आले आणि तिसऱ्याच वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तापानं गेले. आजीही वर्षभरात गेली. बाबा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचे. त्यांना वाढवलं आजोबांच्या थोरल्या भावानं, ज्यांना आम्ही सगळेच मोठेबाबा म्हणायचो. म्हातारीचा परवानाही पुढे त्यांच्याच नावावर झाला, धानाचं रानडुकरांपासून रक्षण करण्यासाठी. मोठेबाबांनी उभ्या आयुष्यात म्हातारीनं एक मडकं आणि शेजाऱ्याचा तणसाचा ढीग एवढंच टिपलं. डुकरं मचाणाखाली निवांत धान खात आणि मोठेबाबा वर घोरत. कधी डुकरं पळाली असतीलच, तर ती त्या घोरण्यानं.

बाबा एक दिवसही फौजेत नव्हते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, पण घर मात्र छावणीसारखं चालवलं. मिशी फोटो बघून राखली. जेवताना आमची पाठ वाकली की बोट फोटोकडे जायचं. "सरळ बस. तुह्या आजोबाले पाह्य, कसा बसला हाय!" पाहुणे आले की नाकांची तपासणी व्हायची. मधल्या खुर्चीवरचं नाक आणि माझं नाक हुबेहूब एक, यावर साऱ्या भावकीचं एकमत होतं. लग्नाच्या वयात मला हे नाक काही फार उपयोगी पडलं नाही, पण ते लढाऊ आहे असं बाबा म्हणत.

गेल्या वर्षी मोठेबाबा गेले. म्हातारी ठाण्यात जमा करावी लागली आणि वारस म्हणून बाबांनी परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज कसला, निबंधच तो. वडिलांचं शौर्य, लढाईवरून आणलेली बंदूक, घराण्याची परंपरा. मी साकोलीला राहते. तिथून करडीकडच्या आमच्या गावी गेले, बाबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि भंडाऱ्याला कलेक्टर कचेरीत नेलं. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, मिशीला तेल लावलं होतं.

बंदुकीच्या परवान्यांचं काम पाहणारे बाबू सज्जन होते. त्यांनी कुठून तरी जुनी फाईल शोधून काढली होती. अर्ज वाचून ते म्हणाले, "गुरुजी, हे काय लिहून ठेवलं तुम्ही? लढाईवरून कोनी बंदूक घरी आणू देते का? इथं तं नागपूरच्या दुकानाचा कागद हाय."

बाबांचा चेहरा पडला. मला मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. म्हातारी म्हणजे बाजारातून आणलेली साधी बंदूक निघाली! बाबूंनी पुढचं पान उलटलं. आजोबांचा मूळ अर्ज होता. त्याच्या कोपऱ्यात, अर्ध्यावर शिक्का मारलेला, एक छोटासा फोटो. टिकल्यांएवढ्या डोळ्यांचा, काटकुळा, पोरगेला माणूस. मिशीचा पत्ता नाही. कान दोन्हीकडे उघडलेले, सदऱ्याचं गळ्याचं बटन आवळून लावलेलं, आणि नजर अशी की कोणी तरी मागून ओरडलं असावं.

"हा कोन होय?" बाबांनी विचारलं.

"तुमचे वडीलच न, गुरुजी," बाबू म्हणाले. "खाली नाव हाय, गाव हाय, सही हाय."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नाव त्यांच्याच वडिलांचं होतं. गाव आमचंच होतं. नाक मात्र आमचं नव्हतं. बाबांनी तो फोटो मागितला. बाबू म्हणाले, सरकारी रेकॉर्ड आहे, काढून देता येत नाही. मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उठले. "मी चहा घेऊन येतो. तोवर फाईल इथंच हाय. ताई, मोबाइल आहे न तुमच्याजवळ?"

परत येताना अर्ध्या वाटेवर बाबा पुढे झुकले. मग कानाजवळ येऊन म्हणाले, "फोटो बदलला असंन कोनाचा."

मी म्हणाले, "मग नाकाची चौकशी लावू का?"

आरशात त्यांचं तोंड दिसलं आणि माझीच मला लाज वाटली. मला आजोबा नावाची एक गंमत होती, ती जाऊन दुसरी आली. त्यांचा बाप गेला होता. पासष्टाव्या वर्षी, कचेरीत, एका पानावर.

घरी आल्यावर त्यांनी हातपायही धुतले नाहीत. स्टूल ओढलं, फोटो उतरवला, खाटेवर ठेवला. एका हातात फाईलमधला फोटो उघडलेला माझा मोबाइल, दुसऱ्या हातात भिंग. शाळेत हजेरी घ्यावी तसे ते एकेका तोंडावर बोट ठेवत गेले. "हा नाही. हा नाही. हाही नाही." आई सुपात तांदूळ निवडत बाजूला बसली होती. खुर्चीवरच्यापाशी बोट जरा थांबलं आणि पुढे गेलं. तेवीस झाले. चोविसावा मागच्या रांगेत, अगदी टोकाला. त्याला तोंडच नव्हतं. ऐन वेळी मान हलली असावी, कारण पगडीखाली नुसता पांढुरका फराटा होता.

"हा हालला," बाबा म्हणाले.

"हालनच," आई म्हणाली. "तुमच्या घरी कोनी एका जागी उभं राह्यलं हाय का आजवर?"

मला हसू आलं. बाबा हसले नाहीत. त्यांचं बोट त्या फराट्यावरच होतं. मग म्हणाले, "मीच विचारलं असंन मोठेबाबाले. माहा बाप यातला कोनता म्हनून. लहान होतो मी. आता लहान लेकराले हे कसं दाखवतीन?" त्यांचं बोट मधल्या खुर्चीवर सरकलं. "सगळ्यात बढिया पाहून देला मले."

मोठेबाबांचा मला क्षणभर राग आला. साठ वर्षं थापा! मग तो काही टिकेना. ज्या माणसाला मचाणावर जागं राहता येत नव्हतं, त्यानं एवढी एक गोष्ट मरेपर्यंत पोटात ठेवली होती.

मी ओलं फडकं आणलं. निदान त्या खुर्चीवरच्या बिचाऱ्याचं टेंगूळ तरी उतरवावं, भुवई मोकळी करावी. बाबांनी माझा हात धरला. "राहू दे. त्यानं काय केलं? माह्या बापाची ड्यूटी केली इतके वर्सं, फुकटात."

म्हातारी अजून ठाण्यातच आहे. परवान्याचं पुढं काय झालं, हे विचारायला बाबा एकदाही भंडाऱ्याला गेलेले नाहीत. पण आठवड्याभरात एसटीनं साकोलीला आले आणि दारातूनच म्हणाले, "चाल, फोटो मोठा करून घेऊ."

आमच्या गल्लीतल्या स्टुडिओवाल्यानं मोबाइलमधला फोटो मोठ्या पडद्यावर घेतला. आजोबांचे कान हातभर झाले. स्टुडिओवाला कामात उस्ताद, आणि बाबांची मिशी बघून त्याला उत्साह चढला. "काकाजी, फौजी होते म्हनता न? वर्दी चढवून देतो. शिक्का गायब करतो. तुमच्यासारखी दमदार मिशी लावतो, आन हे कान जरा मागं घेतो. कोनाले वळखू नाही येनार!"

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता लावतील मिशी. आयुष्यभर ज्या रुबाबावर जगले, तो दोन मिनिटांत परत मिळत होता.

बाबा पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"कानाले हात नको लावू," ते म्हणाले. "शिक्काही राहू दे. जसा हाय तसाच काढ. मले पहिल्यांदाच भेटून राहिला तो."