भिंतीवर सरकलेलं घर

गुंजवण्याजवळची एक वाडी धरणात जाणार होती. नवी वसाहत कशी बसवायची ते लोकांनीच ठरवावं, म्हणून पुण्याहून कॉलेजची मुलं आली. शाळेतल्या टेबलावर नव्या जागेचा नकाशा पसरून त्यांनी लाकडी ठोकळे मांडले. एक ठोकळा म्हणजे एक घर. वर कॅमेरा लावलेला. ठोकळा हलला की कॉम्प्युटरातलं घरही हलायचं.

सगळे चहाकडे वळले, तेव्हा पंच मानसिंगरावांनी रस्त्याकडेचा अंबूबाईचा ठोकळा हळूच ओढ्याकाठी सारला आणि त्या जागी आपला ठेवला. विधवा बाई, ती कुठं विचारायला येणार?

मागची कुजबुज एकाएकी थांबली. त्यांनी वळून पाहिलं. मुलांनी तेवढ्यात कॉम्प्युटरातलं गाव प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलं होतं, आणि अंबूबाईचं घर ओढ्याकडे सरकताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ द्या दादा," अंबूबाई म्हणाली. "मला एकटीला कुठंबी चालंल."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. मानसिंगरावांनी दोन्ही ठोकळे परत पहिल्या जागी ठेवले.

वसाहत तशीच उभी राहिली. रस्त्याकडेच्या ओट्यावरून अंबूबाई अजून हाक मारते, "दादा, च्या घ्या की."

"आत्ताच घिऊन निघालोय," मानसिंगराव खाली बघत म्हणतात आणि पाय उचलतात.