बडग्याच्या होडीवरचा शर्ट

महाल भागातल्या आमच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं, त्याच्या पुढच्या वर्षी पोरांनी शिडाच्या होडीचा बडग्या केला. बडग्या म्हणजे बांबू-कागदाचा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसोबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यासोबत, तो मिरवायचा, "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" असं ओरडायचं आणि गावाबाहेर जाळायचा. पुराशी लढायचं म्हणून होडीवर किल्ल्याच्या लढाईचा सगळा सरंजाम चढला: डोलकाठीवर उकळत्या तेलाची कढई, पुढे दरवाजा फोडायचा ओंडका, मधोमध धोंडे फेकायचा लांब दांडा. पाणी धोंड्यांना भीत नाही, एवढी अक्कल गल्लीत कुणाला नव्हती.

कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले बाबा खोकल्यानं बेजार होते. तरी दारात खुर्ची टाकून सांगायचे, "दांड्याच्या मागचं वजन वाढवा गा, नाहीतर धोंडा आपल्याच डोक्यावर पडन."

दांड्याच्या टोकाशी बसवलेल्या नावाड्याच्या पुतळ्याला कपडे हवे होते. आईनं हसत हसत बाबांचा ड्युटीचा शर्ट काढून दिला. मिरवणूक निघाली, त्या शर्टाकडे हात करून लोक "रोगराई घेऊन जा" ओरडले, तेव्हा तिचा चेहरा पडला.

"जितं माणूस जाळून राहिलो वं आपण," ती मला म्हणाली. "धाव, शर्ट आण."

मी पोचले तेव्हा शीड पेटलं होतं. दांडा ताणून धरणारा दोर जळाला, दांडा उसळला आणि धोंड्याऐवजी नावाडीच उडून माझ्या पायाशी पडला. बाबांनी सांगितलेलं वजन बरोबर बसलं होतं, दुसरं काही नाही. पण शर्ट काढताना मला त्या कागदी तोंडाकडे बघवलं नाही.

घरी आई दार अडवून उभी राहिली. मारबतीबरोबर धाडलेलं परत आणत नाहीत, हे तिला आत्ता आठवलं होतं. तिला शर्ट आत घेववेना, फेकववेना. बाबा उठले, त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"थंडी वाजून राहिली मले," म्हणाले आणि अंगात घालून गळ्यापर्यंत बटणं लावली.

तेव्हापासून बाबा खोकले नाहीत. डॉक्टर खूश आहेत. त्या खोकल्याला वर्षानुवर्षं वैतागलेली आई मात्र जेवताना घास हातात धरून कान देऊन बसते. मला तिची भीती वाटते, आणि बाबांची जास्त.

परवा तिनं न राहवून म्हटलं, "एकदा खोका ना."

बाबांनी ताटावरून मान वर केली. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीनं त्यांनी आईला विचारलं, "काहून जी?"