एटापल्लीचं रविवारचं लॉगिन

"मॅडम, सगळं बंद आहे. एकही लेख उघडत नाई. काऊन?"

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटर सुरू करते न करते तोच इतिहास विभागाचे प्रमुख डोंगरवार सर माझ्या टेबलापुढे उभे. विद्यार्थ्यांचे प्रबंध तोंडावर आलेले.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीत ई-रिसोर्सेस बघते. म्हणजे कपाटातली पुस्तकं नाहीत. स्क्रीनवर वाचायची जर्नल्स, जुने सरकारी अहवाल. ते कंपन्यांकडून वर्गणी भरून घ्यायचे आणि कसे शोधायचे ते विद्यार्थ्यांना शिकवायचं. इतिहासवाल्यांना शिकवताना घाम फुटतो. पिवळा पडलेला कागद हाती लागल्याशिवाय त्यांना काही खरं वाटत नाही.

कारण जर्नल्स पुरवणाऱ्या कंपनीच्या मेलमध्ये होतं. एका विद्यार्थिनीच्या लॉगिनवरून दर रविवारी ढीगभर लेख डाउनलोड होत होते. कंपनीला संशय, की कोणीतरी प्रोग्रॅम लावून माल उपसतंय आणि बाहेर विकतंय. असा संशय आला की ते अख्ख्या विद्यापीठाचं दार लावून घेतात. अट अशी, की या मुलीचं लॉगिन कायमचं बंद करा, तिच्यावर कारवाई करा, मग बाकीच्यांचं सुरू करू.

मुलीचं नाव रंजना पुंगाटी. एटापल्लीच्या कॉलेजात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वर्ग संपलेले, प्रबंध लिहायला ती आपल्या गावी गेलेली.

"पाठवून द्या नाव," सर म्हणाले. "एका पोरीपायी सगळ्यांचं वर्ष काऊन बुडवायचं?"

"कारवाई झाली तर तिला प्रबंधच देता येणार नाही, सर. तिचं वर्ष बुडेल."

"तिनं ते आधी पाह्यलं पायजे होतं."

मला राग आला. तिला साधं विचारलंही नव्हतं कोणी. मी म्हटलं, "मी आधी तिला भेटते. तोवर नाव जाणार नाही." माझ्या या स्वभावाला चंद्रपुरात आमचे अब्बा सरळ हट्टीपणा म्हणतात. शिलाईच्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा सांगतात.

फोन लावला. रंजनाचा नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आठवडाभर तेच उत्तर. पण 'दर रविवारी' हे माझ्या डोक्यातून जाईना. प्रोग्रॅम लावणाऱ्याला रविवार काय आणि बुधवार काय? एटापल्लीचा बाजार मात्र रविवारी असतो. मी रविवारची एस.टी. पकडली. आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं आणि माझा फोनही मुका झाला. तो एटापल्लीत पोचल्यावरच बोलायला लागला.

रंजना बाजाराच्या कडेला सापडली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती, मांडीवर फोन. भोवती तिच्याच वर्गातली पाच-सहा मुलं-मुली, हातात मिरच्या-वांग्यांच्या पिशव्या. ती लेख उतरवायची आणि ब्लूटूथनं एकेकाच्या फोनवर पाठवायची. मला बघून उठून उभी राहिली.

"मॅडम? तुम्ही इथी?"

मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "मी चोरी नाई केली, मॅडम. आमच्या गावातून बाजारात एक जण येते, अन् चार घरचं मीठ-तेल घेऊन जाते. मी तसेच लेख घेऊन जाऊन राह्यली. ज्याले जे पायजे ते."

"पण प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आहे ना?"

"आहे न. पण ओटीपी कुठी येते? गावात टॉवर नाई. बाजारात येतो, त गर्दीत ह्यांच्या फोनले रेंज नाई. माझंच सिम इथी चालते."

ओटीपी म्हणजे लॉगिन करताना फोनवर येणारे आकडे. ते थोड्या वेळात वाया जातात. ही सोय शहरात बसून कोणीतरी सुरक्षेसाठी केली. इथे त्याच सोयीनं एक सिम सोडून सगळ्यांना बाहेर ठेवलं होतं.

तरी मी तिला स्पष्ट सांगितलं, की आपल्या लॉगिनवरून दुसऱ्याला लेख देणं नियमात बसत नाही. तिनं मान डोलावली. मग हळूच म्हणाली, "माझा प्रबंध इंग्रजांच्या जंगल कायद्यावर आहे, मॅडम. आधी लोक जंगलातून सरपण आणत होते. कायदा आला, त त्यालेच चोरी म्हणू लागले. आता माझं नाव कटन का?"

"नाही कटणार," मी म्हटलं. कसं, ते मलाच माहीत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये विचार केला. कॉलेजात कॉम्प्युटर लॅब होती. कंपनीनं तिथल्या नेटचा पत्ता ओळखीचा म्हणून नोंदवला, तर त्या खोलीत ओटीपी लागत नाही. प्रत्येकानं आपापल्या लॉगिननं बसायचं, आपापलं घ्यायचं. अडचण एकच. मुलं येतात रविवारी आणि रविवारी कॉलेजला कुलूप.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाशी व्हिडिओ कॉल झाला. डोंगरवार सर शेजारी बसले. तो माणूस हिंदीत पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "मॅडम, पॉलिसी है." मी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. विकलं काही नाही. मुलीला लेखी समज देऊ, नाव कापणार नाही. लॅबची नोंद करा, तिथे प्रत्येक जण आपल्या नावानं येईल. शेवटी त्यानं विचारलं, "जिम्मेदारी कौन लेगा?"

"मी," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "अन् इतिहास विभाग." मला ते अपेक्षित नव्हतं. कॉल संपल्यावर त्यांनीच एटापल्लीच्या प्राचार्यांना फोन लावला. "रविवारी लॅब उघडा, भाऊ. सोमवारी बंद ठेवा पायजे त."

दोन दिवसांनी सगळ्यांचं सुरू झालं, रंजनाचंही. सुरुवातीचे रविवार मी स्वतः जाऊन बसले. ट्रेनिंगही तिथेच घेतलं, बाजाराच्या पिशव्या बाकाखाली ठेवून. एकदा वांगी कीबोर्डवर सांडली, तेवढंच नुकसान. रंजनानं प्रबंध वेळेत दिला. तोंडी परीक्षेत सरांनी तिला सरपणावरच प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून पुढचा प्रश्न विचारायचा विसरले.

यातून मी एवढंच शिकले, की कुठे ट्रेनिंग ठेवायचं असेल तर आधी तिथला बाजार कधी भरतो ते विचारावं. विद्यापीठाचं कॅलेंडर नंतर बघावं.

मध्यंतरी कंपनीचा पुन्हा मेल आला. तुमच्या एका कॉलेजातून फक्त रविवारीच वापर दिसतो, बाकी दिवस काहीच नाही. काही गडबड आहे का?

मी उत्तर लिहिलं: गडबड नाही. तिथला बाजार रविवारी भरतो. मुलं सगळी आपापल्या लॉगिनवर आहेत.