गादीवरचं जपानी मशीन

माझा भाऊ पुण्याला आत्याकडे आठ दिवस राहून आला आणि जपान पाहून आल्यासारखा बोलू लागला. तिथं कुठल्याशा दुकानात त्यानं व्हिडिओ गेमची मशिनं पाहिली होती. नेहमीची उभी खोकी नव्हेत, खास जपानी. पांढरं अंग, जरासा मागे कललेला पडदा, पुढ्यात स्टूल आणि त्यावर ऐटीत बसून खेळणारा माणूस. आठ दिवसांत त्यानं आत्याला कोथिंबिरीची एक जुडी आणून दिली नव्हती, पण मशीनचं चित्र मात्र एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर मन लावून काढलं होतं. त्यात माणूस मशीनपेक्षा मोठा होता आणि मापं कुठेच नव्हती.

आमचं युसूफ वडगावात किराण्याचं दुकान. नव्वदीची सुरुवातीची वर्षं. देशाची दारं जगाला उघडली असं पेपरात रोज येत होतं. आमच्या गावात त्या दारातून आतापर्यंत फक्त शाम्पूच्या पुड्या आल्या होत्या. वडील, म्हणजे आमचे अण्णा, त्या पुड्यांच्या माळा तोरणासारख्या टांगायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आता लई बदल होनार हाय." काय बदलणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून भावानं जपानी मशीनचं काढलं तेव्हा त्यांना वाटलं, हाच तो बदल. शिवाय भाऊ बारावीला एकदा आपटून दुसऱ्या वेळी कसाबसा काठाला लागला होता. त्याच्या डोक्यातून काहीतरी बाहेर पडतंय याचंच त्यांना कौतुक.

मीही त्याच वर्षी बारावी झाले होते, पहिल्याच झटक्यात आणि चांगल्या मार्कांनी. मला पॉलिटेक्निकला जायचं होतं, इलेक्ट्रॉनिक्सला. केजला मामांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. पाचवीपासून प्रत्येक उन्हाळ्याची सुट्टी मी तिथं डाग द्यायला शिकण्यात घालवली होती. तापलेल्या लोखंडानं तारेला कथील लावायचं याला आमच्याकडे डाग देणं म्हणतात. मामा म्हणायचे, हिचा हात हलत नाही. कॉलेजचा फॉर्म मी आणून देव्हाऱ्याखालच्या फडताळात ठेवला होता. अण्णा रोज तिथून विभूती घ्यायचे आणि फॉर्म त्यांना रोज दिसायचा नाही.

मशीनचं ठरलं तेव्हा ते मला म्हणाले, "आधी हे चालू करून दाखव पोरी. मंग बघू तुज्या फॉर्मचं."

हे "मग बघू" अण्णा गिऱ्हाइकाला, पाहुण्याला आणि कपिलधारच्या देवाला बोललेल्या नवसाला सारख्याच सुरात म्हणायचे. मला कळायला हवं होतं. पण अठराव्या वर्षी वडिलांनी तोंडातून काढलेला शब्द मला सरकारी शिक्क्याचा वाटला आणि मी कामाला लागले.

खोकं करायला गावचे सुतार आले. ते बैलगाड्या, चौकटी आणि देव्हारे करायचे. त्यांनी पत्रिकेचं चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "जपानी मानसं जेवायला कुठं बसतेत?"

भावाला हे ठाऊक होतं. तो म्हणाला, "खाली. जमिनीवर."

"मंग खेळायला कावून हुबी राहतील?"

"उभी नाही काका, स्टुलावर बसतात."

"ते पुन्यातले स्टुलावर बसतेत. पुन्यातल्या लोकायला मांडी घालाया येत न्हाई. तुला जपानी पायजे का पुनेरी?"

या युक्तिवादापुढे भावानं स्टुलाचा नाद सोडला. अण्णा तर एकदम खूश झाले, कारण ते स्वतः गादीवर बसून दुकान चालवायचे आणि गिऱ्हाइकानं आपल्यापेक्षा उंच बसावं हे त्यांना पहिल्यापासून खटकत होतं. सुतारकाकांनी अण्णांनाच मांडी घालून बसवलं, त्यांच्या नाकापासून गुडघ्यापर्यंत सुतळी धरली, आणि त्या मापानं जपानी मशीन तयार झालं. दिसायला ते मुनीमजीच्या उतरत्या डेस्कासारखं होतं, फक्त त्यातून टीव्ही बाहेर डोकावत होता. पांढरा रंग द्यायचा होता. शिल्लक होता तो निळसर चुना. तोच दिला.

आतलं सगळं माझ्याकडे आलं. मामांनी एक जुना रंगीत टीव्ही दिला. भावानं पुण्याहून गेमचा बोर्ड आणला, कडेला दोन्ही बाजूंनी पितळी पट्ट्यांची रांग असलेला. बटणं म्हणून आम्ही दारावरच्या घंटीची बटणं लावली. दोघांना खेळायला दोन दांडे, आईच्या जुन्या लाटण्याचे दोन तुकडे. प्रत्येकाच्या चारी बाजूंना घंटीची चार बटणं अशी बसवली की दांडा जिकडे झुकेल तिकडचं दाबलं जावं. नाणं टाकायची यंत्रणा आम्हाला जमली नाही, म्हणून तेही एक बटण केलं आणि त्याची तार अण्णांच्या गादीखाली नेली. पोरानं रुपया दिला की अण्णा मांडी न मोडता बटण दाबणार. अण्णांना मशीनमधला हा एवढा भाग फार आवडला. कुणी खेळायचं आणि कुणी नाही हे आता त्यांच्या बोटावर होतं.

तीन आठवडे मी त्या खोक्यात डोकं घालून बसले होते. भाऊ मागे उभा राहून "झालं का?" विचारायचा. हेही काम आहे असं त्याला मनापासून वाटायचं.

एका दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही मशीन चालू केलं. पडदा उजळला आणि गेममधला कुस्तीगीर समोर आला. उघडं अंग, डोक्यावर बांधलेले केस, आणि तोंडापासून पायापर्यंत निळाशार. मी कपाळावर हात मारला. जुन्या टीव्हीतल्या तारांच्या रंगावर विश्वास ठेवून मी लाल आणि निळ्या तारेची अदलाबदल केली होती. ते मशीन माझ्या हाताचं होतं आणि त्यात ढळढळीत चूक होती, याची मला इतकी शरम वाटली की लोखंड थंड व्हायच्या आत मी पाठीमागची फळी काढायला धावले.

"हात लावू नको," अण्णा म्हणाले. त्यांनी टोपी काढली होती आणि हात जोडले होते. "निळकंठ हाय."

"अण्णा, तारा उलट्या लागल्यात. पाच मिनिटांत सरळ करते."

"जटा बघ. अंग बघ. जपानी लोकायला कळतंय आनि तुला कळंना व्हय?"

तो माणूस तेवढ्यात समोरच्याच्या तोंडावर लाथ मारत होता. अण्णांना त्यात तांडव दिसलं. दर सोमवारी ते पडद्याच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढू लागले. पट्टे पुसायची कुणाची छाती नव्हती, त्यामुळे पोरांना शत्रू नेहमी राखेआडून यायचा. सोमवारी आपण जास्त जिंकतो असं सांगणारेही निघाले. माझी चूक मात्र कायमची काचेमागे राहिली. आजही निळा चेहरा दिसला की मला लाल तार आठवते.

उद्घाटनाला तालुक्याचे पुढारी बोलावले. साहेबांनी वर्षभरापूर्वीच माळावर पत्र्याच्या शेडांत स्वतःचं पॉलिटेक्निक काढलं होतं. त्या काळात ज्याला ऊस लावायला पाणी नव्हतं तो कॉलेज लावायचा. साहेब तीन तास उशिरा आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे आठ-दहा कार्यकर्ते. गादीवर चढायचं म्हणून त्यांना जोडे काढावे लागले, आणि मशीन सुतारकाकांच्या जपानात घडलेलं असल्यामुळे मांडीही घालावी लागली. इस्त्रीचा कडाका सगळ्यांना ऐकू आला.

शेजारी दुसऱ्या दांड्यावर एक कार्यकर्ता बसला. साहेब हरता कामा नयेत, म्हणून त्याला कुणीतरी दटावलं होतं की दांड्याला हात लावायचा नाही. साहेबांना दांडा कशाला असतो हे माहीत नव्हतं आणि विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. अण्णांनी बटण दाबलं. दोन निळे पैलवान एकमेकांसमोर उभे राहिले. कुणी कुणाला बोट लावलं नाही. वरचा आकडा कमी होत होत शून्यावर आला, वेळ संपली, आणि कार्यकर्त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एवढी शांततेत पार पडलेली लढत त्या तालुक्यानं पूर्वी पाहिली नसावी. मग दोघांनी काखेत हात घालून साहेबांना उठवलं.

"कुनी बनवलं हे?" साहेबांनी विचारलं.

मी आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. बोटांवर डागाचे चट्टे होते. अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही. नंतर त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकललं. "ह्यानं. आमच्या पोरानं."

भाऊ आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिला. साहेब म्हणाले, "आसं टॅलेंट खेड्यात सडवता व्हय? द्या आमच्या कॉलेजला. इलेक्ट्रॉनिक्सची शीट हाय." चहा मी फिरवला. साहेबांनी माझ्याकडे न बघता साखर जास्त झाल्याचं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी फडताळातला फॉर्म काढून अण्णांपुढे ठेवला. ते चिडले नाहीत. त्यांनी मला अगदी प्रेमानं समजावलं, तेच मला आजवर पचलेलं नाही.

"दोघं गेल्यावर मशीन बिघडलं तर कोन बघंल? त्याला त्यातलं काय कळतंय? तू हायेस म्हनूनच त्याला शिकाया पाठवता येतंय ना, पोरी."

म्हणजे मला काम येत होतं म्हणून मी घरी, आणि त्याला येत नव्हतं म्हणून तो कॉलेजात. यात खोट काढायला मला जागाच सापडेना. भावाला गाठून विचारलं तर म्हणाला, "मी कुठं काय बोललो? मी तर गप्पच होतो." खरंच होतं ते. आयुष्यात तो नेमका हवा तेव्हा गप्प राहिला आहे आणि त्याचं भलं झालं आहे.

दर पंधरा दिवसांनी तो कपडे धुवायला आणि प्रॅक्टिकलची जर्नल लिहून घ्यायला घरी यायचा. कपडे आई धुवायची आणि जर्नल मी लिहायचे. नको म्हणता आलं असतं. पण त्या वह्यांत आकृत्या होत्या, आणि मला त्या आकृत्या हव्या होत्या. मी त्याचा राग करत करत त्याचा डिप्लोमा शिकत होते.

चार-पाच महिन्यांनी, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, मशीन बंद पडलं. दुकानात आणि बाहेर पायरीखाली पोरांची, बाप्यांची रेटारेटी. अण्णा आत आले आणि हळूच म्हणाले, "शटर वढतो. लवकर बघ जरा."

"शटर उघडं ठेवा," मी म्हणाले. "नाहीतर बसू द्या बंद."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाहेर गर्दीकडे पाहिलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "कवा चालू व्हतंय बे?" आणि अण्णा बाजूला झाले.

मी ओढणी कमरेला खोचली, सगळ्या बाजारासमोर गादीवर मांडी घातली, पाठीमागची फळी काढली. बोर्डाच्या कडेला एक डाग सुटला होता. लोखंड तापेपर्यंत मी मान वर करून लोकांकडे बघत बसले. मला फार बरं वाटत होतं. चार महिने जे सांगायला तोंड नव्हतं ते आता हातानं सांगणार होते. मी तार धरली, कथील लावलं. हात हलला नाही.

"आरं, ही तर वान्याची पोरगी दुरुस्त करतीया!" गर्दीतून एक जण म्हणाला.

"न्हाई न्हाई," अण्णा घाईनं म्हणाले. "पोरानं कॉलेजातून फोनवर सांगितलंय. ही नुसती तसंतसं हात लावतीय."

गर्दीत कौतुकाची लाट उसळली. काय पोरगं हाय! तिथं बसून हितलं मशीन दुरुस्त करतंय! वान्यानं नशीब काढलं! मशीन चालू झालं तेव्हा टाळ्यासुद्धा वाजल्या, आणि अण्णांनी त्या भावाच्या वतीनं मान लववून घेतल्या. आमच्या घरी फोन नव्हता. गावात एकच फोन होता, पोस्टात, आणि तो आठ दिवसांपासून मेलेला होता. पोस्टमास्तर स्वतः पहिल्या रांगेत उभे होते आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवत होते.