सून गुणाची, आतडं चिडकं

लग्न होऊन बोरिवलीला आले आणि तीन महिन्यांत माझं पोट हा अख्ख्या चाळीचा विषय झाला. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथवर जायला सात दारं ओलांडायची, आणि सातही दारांत एकेक धन्वंतरी बसलेला. पहिल्या दारी ओवा, दुसऱ्या दारी बेलाचा मुरंबा, तिसऱ्या दारी इसबगोल. "अहो, इसबगोल जुलाबावर की कुंथण्यावर?" असं मी विचारलं, तर म्हणे दोन्हीवर चालतं. चौथ्या दारातल्या काकू औषध देत नसत, नुसत्या मोजत. "आज तिसऱ्यांदा ना गं?" असं प्रेमाने विचारत. मी हातात टमरेल घेऊन हसायचे. नवी सून दुसरं काय करणार?

शेवटी नवऱ्याने डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "आतडं चिडकं आहे तुमचं. टेन्शन घेऊ नका." जसं काही मी ते रेशनच्या रांगेत उभं राहून घेत होते! आणि चिडकं म्हणे. सासरी मला चिडायची सोय नव्हती, निदान माझ्या आतड्याने तरी ती करून घेतली होती.

टेन्शन मात्र होतं, आणि ते खरं होतं. सासऱ्यांची गिरणी बंद पडून ते घरी बसलेले, नवऱ्याचा पगार कधी पहिल्या तारखेला तर कधी शेठच्या मर्जीला. मी अंधेरीला रेडिओचे भाग जोडण्याच्या कारखान्यात टेम्पररी होते. आमच्या लाइनवरची एकच मुलगी त्या वर्षी पर्मनंट होणार होती. हात माझा सगळ्यात साफ, त्यामुळे नंबर माझाच, असं सगळ्या म्हणायच्या. फक्त बिल्ल्याची भानगड होती.

बिल्ला म्हणजे लाकडाची एक चकती. संडासला जायचं तर ती सुपरवायझर मॅडमच्या टेबलावरून मागून घ्यायची आणि परत आणून ठेवायची. तीस बायकांत बिल्ला एक. ही अक्कल ज्या कुणाची होती, त्याचं पोट देवाने लोखंडाचं केलं असणार. मी उठले की मॅडम चष्म्यावरून बघायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "परत?" तो शब्द ऐकला की पोटात जी कळ यायची, ती परतची परत.

घरी सासूबाईंचा उपाय वेगळा. त्या मालवणकडच्या, आणि त्यांच्या मते जगातल्या सगळ्या रोगांचं मूळ एकच, सून हडकुळी. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सकाळी साय घातलेलं पेलाभर दूध. "गप पी. अंगाक लागूक होया." मी गप पीत होते. संध्याकाळपर्यंत पोट फुगून असं टम्म व्हायचं की साडीच्या निऱ्या पुन्हा खोचाव्या लागत.

ते फुगलेलं पोट सासूबाईंनी पाहिलं. सकाळची मळमळ पाहिली, माझ्या फेऱ्या पाहिल्या, आणि मला एका शब्दाने न विचारता निकाल लावून मोकळ्या झाल्या. मासळीबाजारात त्यांना आमच्या लाइनवरची एक भेटली. तिच्या कानात सांगितलं, "सुनेक दिवस गेलेत. कोणाक सांगा नको हां." झालं! कोणाला सांगू नको म्हटलेली गोष्ट कुठवर जाते ते वेगळं सांगायला नको.

सोमवारी कारखान्यात गेले तर माझ्या जागेवर चिंचा ठेवलेल्या. मॅडमनी "परत?" न म्हणता बिल्ला हातात दिला. मला वाटलं, बाई सुधारली. मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, "अशा अवस्थेत तुम्हाला आरामाची गरज आहे, तेव्हा पुढच्या महिन्यापासून ब्रेक घ्या." टेम्पररी बाई गरोदर राहिली की कंपनीला तिच्या आरामाची भारीच काळजी वाटायची.

माझं डोकंच फिरलं. एरवी पोटदुखीला मी "बरं नाही" म्हणायचे, जुलाबाला "जरा त्रास आहे". त्या दिवशी केबिनचं दार उघडं आहे याचंही भान राहिलं नाही. "साहेब, मला दिवस गेलेले नाहीत! मला जुलाब होतात! दिवसातून पाच वेळा!"

बाहेर तीस बायकांचे हात थांबले. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गरोदर बाईला काढायचा त्यांना सराव होता, जुलाबवालीचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणाले, "महिनाभर बघू. काम बसून झालं पाहिजे."

महिना. डॉक्टर, सात दारं आणि इसबगोल यांना वर्षात जमलं नाही ते मला महिन्यात करून दाखवायचं होतं.

घरी आले ती तडक सासूबाईंवर कडाडले. "माझ्या पोटात काही नाही! वारा आहे वारा! तुमच्यापायी नोकरी जाणार माझी!" लग्नानंतर पहिल्यांदाच आवाज चढवला. त्यांनी नुसतं पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून अबोला. आणि अबोल्यात दूध बंद. मला हायसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांत पोट फुगायचं थांबलं. आठवड्याने मी दुपारपर्यंत जागची हलले नाही. मॅडम स्वतः टेबलाशी आल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आज नाही?" पूर्ण बरं ते कधीच झालं नाही, चवळी खाल्ली की आजही माझ्याशी भांडतं. पण काम बसून झालं. महिन्याने पर्मनंटचं पत्र हातात पडलं.

पत्र सासूबाईंच्या पायाशी ठेवलं आणि वाकले. अबोला सुटला. त्या लगबगीने आत गेल्या आणि काठोकाठ भरलेला पेला घेऊन आल्या. "पी आता." डोळे भरलेले होते त्यांचे. पुन्हा गप पिऊन टाकावं असं क्षणभर वाटलं. पण मग उद्या काय, परवा काय? सांगितलं मी. "आई, दूधच सोसत नाही मला. सगळं त्यानंच होत होतं."

त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मगे आधी सांगूक काय झाला तुका? घरात दूध ता येता केवढासा! वर्षभर मी कोरी चाय पितंय."

एका घरात वर्षभर राहून मी त्यांच्या कपात एकदाही डोकावले नव्हते. साहेबांच्या केबिनमध्ये वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली.